कात्रणाचा फोटो आणि वरची तारीख

(आरोंदा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता तो असा: छापील माध्यमं आणि डिजिटल तंत्रज्ञान. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला उभं राहिलं की माणूस दोनपैकी एका रस्त्याला लागतो. एक हळहळीचा. आता वाचतो कोण, पेपर बंद पडणार, मुलं मोबाईलात बुडाली. दुसरा कौतुकाचा. जग जवळ आलं, सगळं बोटाच्या टोकावर आलं. दोन्ही भाषणं तुम्ही ऐकलेली आहेत, म्हणून मी आज ती करत नाही. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे, आणि ती वस्तू आत्ता तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे. पेपरातल्या कात्रणाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो.

हसू नका. (हशा) आपण कथेची, कवितेची, नाटकाची समीक्षा करतो. मग आपल्या गावात रोज जे सगळ्यात जास्त वाचलं जातं त्याची समीक्षा का करू नये? हा फोटो नीट बघा. तो धड छापील नाही, धड डिजिटल नाही. कागदावर शाई आहे, त्यावर कुणाच्या तरी बोटाची सावली पडलीय, कडेला चहाचा कप आहे, आणि ते सगळं मिळून मुंबईला, पेडण्याला, मस्कतला पोचतंय. तीच बातमी कुणी टाइप करून पाठवली असती तर आपण विचारलं असतं, 'खराच काय ता?' पण कात्रण आलं की म्हणतो, 'पेपरात इलाहा म्हणजे खरा असतला.' म्हणजे पाय मोबाईलचे आणि शब्द कागदाचा. लोकांनी कागद टाकून मोबाईल घेतला असं आपण सर्रास म्हणतो, पण निदान आपल्या गावात तसं झालेलं नाही. लोकांनी कागद मोबाईलवर बसवला.

आणि हे काही आजचं नाही. नवं माध्यम आलं की ते जुन्याचे कपडे घालूनच येतं. आपल्या खाडीपलीकडे गोव्यात 1556 साली छापखाना आला, भारतातला पहिला. त्याच गोव्यात, रायतूरला, 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे तिथं नव्हते. चारशे वर्षं झाली. आज आपली मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर मालवणी लिहितात ती बऱ्याचदा रोमन अक्षरांत, आणि आपण त्यांच्यावर वैतागतो. वैतागा, पण लक्षात ठेवा, हा प्रकार या खाडीला नवा नाही. यंत्र आधी येतं, लिपी मागून येते, आणि लोक तोवर थांबत नाहीत.

पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1841 साली मराठीत पंचांग छापलं. त्या काळी छापलेल्या धर्मग्रंथाला हात लावायला लोक कचरत. शाईत चरबी असेल ही शंका. म्हणून शाईत तूप घातल्याच्या गोष्टी सांगतात. आणि त्या काळातल्या कितीतरी पोथ्या छापल्या गेल्या त्या कशा? आडव्या, सुट्या पानांच्या, हस्तलिखितासारख्या. यंत्र नवं, पण बांधणी जुनी, कारण वाचणाऱ्याच्या मांडीला ती सवय होती. आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं ते दोन भाषांत, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. एकदम उडी मारायची नाही, हात धरून पलीकडे न्यायचं, अशी ती रीत.

आता तुमच्या घरच्या भिंतीकडे या. भिंतीवर 'कालनिर्णय' आहे की नाही? आहे. जयंत साळगांवकर मूळचे आपल्या मालवणचे, त्यांनी ते 1973 मध्ये सुरू केलं. आज त्याचं अ‍ॅप आहे. फोनात तिथी दिसते, एकादशी दिसते, मुहूर्त दिसतात. तरी भिंतीवरचं का काढलं नाही? मी काही घरांत विचारलं. एका वहिनींनी सांगितलं, 'फोनावर दुधाचा हिशेब खंय लिवू?' बघा. दुधाचे खाडे, गॅसचा दिवस, म्हशीला डॉक्टर येऊन गेला ती तारीख, सगळं त्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. आणि येता-जाता घरातलं प्रत्येक माणूस ते बघतं. फोन एकाचा असतो, भिंत सगळ्यांची. कामाची वाटणी लोकांनी आपली आपण केलीय, कुणी शिकवायला आलं नव्हतं. पटकन हवं ते फोनात, सगळ्यांना दिसायला हवं ते भिंतीवर.

मग प्रश्न कुठं आहे? वाटणी इतकी चांगली चाललीय तर मी इथं कशाला उभा आहे? सांगतो. पण त्याआधी फोननं आपल्याला काय दिलं ते प्रामाणिकपणे मान्य करू, नाहीतर माझं पुढचं बोलणं म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल.

पहिलं, आरोंदा हे टोकाचं गाव. तेरेखोलच्या अलीकडे सावंतवाडी तालुका, पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आपली मुलं कामाला पलीकडे जातात, आजारी माणूस बांबोळीला नेतात, सोयरिकी दोन्हीकडे. पण पेपर येतो तो सिंधुदुर्ग आवृत्तीचा. 'तरुण भारत' असो, 'पुढारी' असो, त्यांची गोव्याची आवृत्ती वेगळी. म्हणजे एकाच खाडीचं पाणी चढलं तरी अलीकडच्या काठाची बातमी एका आवृत्तीत आणि पलीकडच्या काठाची दुसरीत. छापील कागदाला वाटण्यासाठी जिल्हा लागतो, गाडीचा मार्ग लागतो, म्हणून त्याची बातमीसुद्धा त्या मार्गानं कापली जाते. फोनाला ही अडचण नाही. दूरसंचार खात्याच्या नकाशात तर महाराष्ट्र आणि गोवा हे एकच परिमंडळ आहे. आज इथला माणूस सकाळी दोन्ही आवृत्त्यांची पानं फोनावर बघतो. आपल्या गावाचं खरं भूगोलशास्त्र पेपराला कधी छापता आलं नाही. ते फोनानं दाखवलं.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. पेपर घरात येत होता म्हणजे घर वाचत होतं, हा एक गोड गैरसमज आहे. पेपर पडवीत यायचा. तो आधी घरातले पुरुष वाचायचे, मग शेजारचे, मग वाटेनं जाणारे. माजघरात पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि कधी कधी तो पोचायचा तो बांगडे गुंडाळूनच. (हशा) ज्या बायकांना वाचता येत होतं त्यांच्याही वाट्याला शिळा पेपर आला. आज त्याच घरातली बाई चुलीपुढं बसून स्वतःच्या फोनावर बातमी बघते, बचत गटाचा निरोप वाचते, नाहीतर बोलून पाठवते. हे कुणी 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' म्हणत असेल तर त्यांनी आधी सांगावं, ती संस्कृती कुणाची होती?

तिसरं, आपली भाषा. पेपर प्रमाण मराठीत. छापील शब्दात आणि रंगभूमीवर मालवणीला मोठी दाद मिळाली ती मुख्यतः विनोदातून. 1980 सालचं 'वस्त्रहरण' आपल्या सगळ्यांचं लाडकं आहेच. पण मालवणी म्हणजे फक्त हसायची भाषा नव्हे. बोलून पाठवायच्या निरोपात आज मालवणीत मयताची बातमी जाते, मासळीचा दर जातो, सातबारावरचं भांडण जातं. गंभीर कामाला आपली भाषा परत आली, आणि ती फोनातून आली.

एवढं सगळं मान्य. आता तक्रार.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचं उदाहरण घेऊ. ही जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. म्हणून ती कुठल्याही कॅलेंडरात आधी छापता येत नाही. पूर्वी तारीख तोंडातोंडी निघायची, मग पेपरात यायची, मग मुंबईच्या चाळींतून चाकरमान्यांपर्यंत पोचायची. आता तारीख ठरली की तासाभरात फोनावर असते, लोक रेल्वेच्या तिकिटांना लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपर त्यावर शिक्कामोर्तब करतो. फोन धावतो, पेपर सही करतो. सुरेख जोडी.

पण एका वर्षी माझ्याकडे एका परिचितांनी कात्रण पाठवलं. जत्रेची तारीख, देवीचा फोटो, सगळं बरोबर. मी ते पुढे चार जणांना पाठवलंसुद्धा. संध्याकाळी कळलं, कात्रण आदल्या वर्षीचं. तारीख होती, साल नव्हतं. बातमी खोटी नव्हती हो. बातमी खरीच होती. फक्त गेल्या वर्षी खरी होती.

दुसरा अनुभव इतका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओळखीतल्या एका घरातलं आजारी माणूस रात्री गोव्याला न्यायचं होतं. गावच्या ग्रुपवर कात्रण फिरत होतं, खाडीपलीकडचा रस्ता कामासाठी वाहतुकीला बंद. घाबरलेली माणसं, कुणाला विचारणार? गाडी बांद्यावरून लांबच्या वळशानं गेली. पेशंट वाचला, देवाची कृपा. नंतर कळलं, ते कात्रण कधीचंच जुनं होतं. रस्ता उघडा होता. ज्यानं ते ग्रुपवर टाकलं त्याला दोष देऊ नका. त्यानं मदत म्हणूनच टाकलं होतं.

आता हातात एखादा पेपर घ्या. कुठलाही. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक बारीक पट्टी असते. पेपराचं नाव, आवृत्ती, वार, तारीख, पान क्रमांक. ही पट्टी आपण कधी वाचत नाही, कारण पेपर हातात असताना तिची गरजच नसते. आज सकाळी आला तो आजचा. पण छापील शब्दाची सगळी जबाबदारी त्या पट्टीत असते. कुणी म्हटलं, कुठं म्हटलं, कधी म्हटलं. चूक असेल तर कुणाच्या दारात जायचं ते त्या पट्टीवरून कळतं. आणि आपण फोटो काढताना नेमकी तीच पट्टी कापतो. बातमी मोठी दिसावी म्हणून. कागदाचा विश्वास तेवढा घेतला आणि उत्तरदायित्व कापून टाकलं. कात्रणाच्या फोटोवर माझी टीका आहे ती एवढीच, पण ती छोटी नाही.

याला दुसरी बाजू पैशाची आहे. एप्रिल 2020 आठवा. टाळेबंदीत सरकारनं घरोघर पेपर वाटायला बंदी घातली, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मुंबई-पुणे वगळता ती सैल केली. त्या काळात पेपरची अख्खी पीडीएफ सकाळी सकाळी ग्रुपवर यायला लागली. तेव्हा त्याचा आधार वाटला, नाही का? इथं तर जिल्ह्याची हद्द, राज्याची हद्द, पास कुणाला मिळतो, कुणाला नाही, रोज नवा नियम. ती पीडीएफ म्हणजे जीव होता. पण टाळेबंदी उठली तरी सवय उठली नाही. आपण महिन्याला फोनात पैसे भरतो ते निमूट भरतो. पेपरचे मात्र 'आता फोनावर येतो ना' म्हणून बंद केले. फोनावर जो येतो तो कुठून येतो? ग्रामसभेला, तहसीलदाराच्या कचेरीत, पुराच्या पाण्यात गुडघाभर उभा राहून जो बातमी लिहितो त्याच्याकडून येतो. त्याचं मानधन आपल्या रिचार्जमधून जात नाही. झाडाला पाणी घालायचं बंद केलं आणि फळं फांदीवरून उतरवतोय तोवर झाड आहे असं मानायचं, अशातली ही गत.

आणि मोठा पेपर कसातरी तग धरेल. छोट्यांचं काय? वेंगुर्ल्याचं 'किरात' साप्ताहिक घ्या. पूर्वी सावंतवाडीचं 'वैनतेय' होतं. वि. स. खांडेकर इथून जवळच शिरोड्याला 1920 पासून 1938 पर्यंत शिक्षक होते. ते 'वैनतेय'मधून लिहीत होते. पुढं ज्ञानपीठ मिळालेला लेखक तालुक्याच्या साप्ताहिकात लिहीत होता. आज तसा एखादा तरुण शिक्षक शिरोड्याला असेल तर तो कुठं लिहितो? बहुतेक फोनावर. चांगलंच आहे, जास्त लोक वाचतात. पण पन्नास वर्षांनी ते कोण काढून दाखवणार? फोन बदलला की गेलं. ग्रुप सोडला की गेलं.

इथं मला पुन्हा त्या 'क्रिस्तपुराणा'कडे जायचंय. ते तीनदा छापलं गेलं, 1616, 1649 आणि 1654 मध्ये. आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, असं अभ्यासक सांगतात. मग आपल्याला ते वाचायला कसं मिळालं? लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या प्रतींवरून. त्यांवरून 1907 मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापलं गेलं. म्हणजे नव्या यंत्राचं हरवलं आणि जुन्या हाताचं टिकलं. याचा अर्थ कागद अमर आहे असा नाही. कागदाला वाळवी लागते, आणि आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीही लागते. अर्थ एवढाच की कुठलंही माध्यम आपोआप जपत नाही. कुणीतरी माणूस बसून उतरवून काढतो, तेव्हा जपलं जातं. पोचवणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. पोचवायच्या कामात आपण कागद आणि फोन यांची झकास जोडी जमवली. जपायच्या कामात मात्र दोघांनाही एकटं सोडलं.

आपल्या भागात जपणाऱ्यांची परंपरा लहान नाही. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय, या एकोणिसाव्या शतकातल्या संस्था. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं पुढं गावोगाव वाचनालयांना अनुदान मिळायला लागलं. पण आज गावच्या वाचनालयात पेपर महिनाभर टेबलावर राहतो आणि मग रद्दीत जातो. जागा नाही, हे कारण खरं आहे. पण जागा नाही ही अडचण फोनानं सोडवण्यासारखी नाही का? इथं नवं तंत्रज्ञान खरंच कामाचं आहे, आणि नेमकं इथंच आपण ते वापरत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो. यांना पैसे लागत नाहीत, किंवा फार थोडे लागतात.

एक. कात्रणाचा फोटो काढताना वरची पट्टी घ्या. ती बातमीपासून लांब असेल तर दोन फोटो काढा, एक बातमीचा, एक माथ्याचा. आणि पट्टी नसलेलं कात्रण आलं तर पुढं पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'कधीचा ता?' मला वाटतं, 'खरा काय?' यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी आहे. खरं-खोटं ठरवणं अवघड असतं. कधीचं ते विचारणं सोपं असतं.

दोन. वाचनालयात एक फाईल ठेवा, आपल्या गावाची. पेपरात आरोंद्याचं जे काही येईल, पूल, जेटी, खाडी, शाळा, भद्रकालीची जत्रा, ते कापून, तारीख घालून चिकटवायचं, आणि त्याच पानाचा फोटो नीट नाव देऊन संगणकात ठेवायचा. कागदाला वाळवी लागली तर फोटो आहे, संगणक बसला तर कागद आहे. शाळेतली आठवी-नववीची मुलं हे हसत करतील. त्यांना फोटो काढायला सांगावा लागत नाही. त्यांना तारीख लिहायला शिकवावी लागेल.

तीन. जो पेपर किंवा जे साप्ताहिक तुम्ही फोनावर फुकट वाचता, त्यातलं निदान एक पैसे भरून घ्या. छापील घ्या, नाहीतर त्यांची डिजिटल वर्गणी भरा. मला कागदाचा मोह नाही. मला त्या बातमीदाराची काळजी आहे.

मागच्या रांगेतून एका ताईंनी मघाशी हात वर केला होता. त्यांचं म्हणणं असं, 'सर, आमका पट्टी कापलेलाच येता. आमी पाठवणाऱ्याक कसा विचारूचा? तो मानान मोठो असता.' बरोबर आहे तुमचं, ताई. मोठ्या माणसाला 'हे कधीचं?' विचारलं की त्याला वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. पण आपण कीर्तनकारालासुद्धा विचारतो ना, बुवा, ही कथा कुठल्या पुराणातली? त्यात बुवांचा अपमान होत नाही. उलट बुवा खूश होतात, कुणीतरी नीट ऐकतंय म्हणून. तसंच विचारा. 'काका, चांगलो पाठवलास, कुठल्या तारखेचो ता सांगशात काय?' काका एकदा शोधतील, दोनदा शोधतील, तिसऱ्यांदा फोटो काढतानाच पट्टी घेतील.

आणि तुमच्यात कुणी काका बसले असतील, तर त्यांनी चिडू नये एवढीच विनंती. (हशा)

माझ्या या बोलण्याचाही कुणीतरी फोटो काढलाय, मी बघितलं. पुढं पाठवणार असाल तर खाली आजची तारीख घाला.

थांबतो.